शून्यापासून मोजणारे आमचे सर

आजरेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या हातात माझ्या यजमानांच्या चपला होत्या.

माझे यजमान विश्वनाथ परब हे अंधेरीच्या आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे परिचर होते. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांतले जे जुने आहेत त्यांना ते आठवत असतील. लॅबमध्ये चपला-बूट बाहेर काढून जायचं, हा नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी यजमानांनीही नेहमीप्रमाणे दाराबाहेर चपला काढल्या, आत जाऊन मशिनांवरची कव्हरं काढली आणि तिथेच खाली बसले. सरांनी आणि दोन शिक्षकांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. चपला मात्र लॅबच्या दाराशीच राहिल्या.

चौथ्या दिवशी सर आमच्या मरोळच्या खोलीवर आले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या चपला त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "वहिनी, कोणाला हलवायचा धीर होत नव्हता. म्हणून मीच घेऊन आलो." एवढंच बोलले. धीर धरा, देवाची इच्छा, असलं काही बोलले नाहीत. चहा घेतला, माझ्या मुलीला, मृणालला, कितवीत आहेस म्हणून विचारलं आणि जाताना दारात थांबून सांगितलं की परबांच्या जागेवर तुम्हाला घेता येईल, अर्ज करा, मुदत असते, उशीर करू नका.

सरांबद्दल लिहायला इथे मोठमोठी माणसं आहेत. त्यांच्या हाताखाली शिकून परदेशात गेलेली, स्वतःच्या कंपन्या काढलेली. मी नववीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही वाचलं ते वाचनालयातून आणून आणि किराणाच्या पुड्यांचे कागद उलगडून. ग्रंथ काढणाऱ्या समितीच्या लोकांनी सांगितलं, मावशी, तुम्ही जसं बोलता तसं लिहा. म्हणून लिहिते आहे.

मी अर्ज केला. पण मृत्यूचा दाखला हातात यायला उशीर झाला आणि अर्ज द्यायला जवळजवळ मुदतीचा शेवट गाठला. संस्थेचा नियम असा होता, की मृत्यूच्या तारखेपासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज यायला हवा. तोवर लॅब उघडायला, झाडायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला तात्पुरतं कामावर घेतलं. कायम करायचं की नाही ते संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. थोड्याच दिवसांत ऑफिसातले हेडक्लार्क पेडणेकर यांनी मला बोलावून सांगितलं, "वहिनी, तुमचा अर्ज एक दिवस उशिरा आलाय. मी मोजलंय. एक्याण्णव होतात. बैठकीसमोर ठेवतो, पण मुदत संपल्यानंतर आला असा शेरा मारावाच लागेल मला."

पेडणेकर वाईट माणूस नव्हते. यजमानांचे आणि त्यांचे गाव एकाच तालुक्यातले. पण कागद म्हणजे कागद, असा त्यांचा स्वभाव. मी घरी आले आणि हे कोणालाही सांगितलं नाही. सरांनाही नाही. त्यांनी बजावलं होतं उशीर करू नका म्हणून, आणि मी नेमका तोच केला, याची लाज वाटत होती. बैठक दिवाळीनंतर होती. तोवर मृणालची शाळा, खोलीचं भाडं, सगळं त्या एका दिवसावर टांगलेलं होतं. लॅबमध्ये मी रोज यजमानांच्या जागी स्टुलावर बसायची आणि मनात धरून चालायची की हे स्टूल आपलं नाही.

अशात माझ्या हातून एक मोठा घोळ झाला. तो तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, पण तेव्हा मला काय वाटलं ते माहीत नाही, म्हणून सांगते.

मुलं कँटीनमधून वडापाव खाऊन तशाच हातांनी टायपिंग करायची. कीबोर्ड तेलकट व्हायचे. एका शनिवारी दुपारी मी एका कीबोर्डची सगळी अक्षरांची बटणं पेचकसाने हळूच उचकटून काढली, साबणाच्या पाण्यात घातली, घासली, फडक्यावर वाळवली. अगदी चकचकीत झाली. लावायला बसले तर कुठलं कुठे होतं ते आठवेना. शेजारचा कीबोर्ड बघावा एवढंही सुचलं नाही, कारण मला वाटलं यात बघायचं काय आहे. इंग्रजी अक्षरं मला मृणालच्या पुस्तकामुळे येत होती. मी ए, बी, सी, डी अशी ओळीने लावून टाकली. पहिल्या ओळीत दहा, दुसऱ्या ओळीत नऊ, तिसऱ्या ओळीत सात. बरोब्बर बसली. घरी जाताना मी खूश होते.

सोमवारी अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. तेजल नावाची मुलगी त्या मशिनवर बसली आणि दोन मिनिटांत ओरडली, "सर, हे मशीन वेडं झालंय. मी माझं नाव टाकतेय आणि हे झेड टी पी क्यू एस दाखवतंय." सगळे जमले. कोणीतरी कीबोर्डकडे बघितलं आणि हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. मी दाराशी उभी होते. तात्पुरती बाई, त्यात कॉलेजचं सामान बिघडवलेलं. ऑफिसला एक चिठ्ठी गेली असती तर बैठकीची वाटच बघायला नको होती.

सरांनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हटलं, मी. धुतली आणि परत लावली.

सरांनी कीबोर्ड हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "लावलंय तर बरोबर. ज्याने पहिल्यांदा बनवला त्याने वेडंवाकडं लावलं होतं." मुलं पुन्हा हसली, पण आता ती माझ्यावर हसत नव्हती. मग सरांनी इरफानला बोलावलं. हा मुलगा टायपिंगच्या क्लासला जायचा आणि बटणांकडे न बघता टाइप करायचा. त्याला त्याच कीबोर्डवर बसवून तेजलचं नाव टाकायला सांगितलं. पडद्यावर तेजलचं नाव बिनचूक उमटलं. एकच कीबोर्ड, एकाला बरोबर, एकीला चूक.

"आता सांगा, यंत्र वेडं आहे का?" सरांनी विचारलं. मग सर म्हणाले, "बटणावर काय छापलंय ते यंत्राला दिसत नाही. त्याला फक्त कुठलं बटण दाबलं ती जागा कळते. छापलेलं आहे ते आपल्यासाठी. हा फरक मी तुम्हाला वर्षभर बोलून समजावला नसता, तो परब मावशींनी एका शनिवारी समजावला."

तो कीबोर्ड सरांनी दुरुस्त करू दिला नाही. आपल्या कपाटात ठेवला आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मशिनवरच्या पहिल्या तासाला काढला. तुमच्यापैकी किती जणांनी त्याच्यावर आपलं नाव चुकीचं टाइप केलं असेल. ऑफिसला चिठ्ठी वगैरे काही गेली नाही. संध्याकाळी कव्हरं घालताना मी सरांची माफी मागायला गेले तर त्यांनी मलाच विचारलं, बटणं निघाली कशी, पेचकस कुठला वापरला, मला कधी न तोडता काढता आली नाहीत.

सरांची शिकवण्याची रीत कशी होती ते इथे सांगितलंच पाहिजे. पहिला महिना ते कोणाला मशिनला हात लावू देत नसत. पालक तक्रार करायचे, फी कॉम्प्युटरची घेता आणि मुलं कागदावर लिहीत बसतात. सर ऐकून घ्यायचे आणि रीत बदलायचे नाहीत. त्यानंतरही वर्षभर मुलांनी प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि तो एका माणसाने, डोकं न वापरता, जसं लिहिलंय तसं करून दाखवायचा. या कामाला सर पूर्वी एखाद्या मुलाला उभं करत. पण मुलं हुशारी करायची, समोरच्याला काय म्हणायचंय ते ओळखून तसं करायची, आणि चूक झाकली जायची. कीबोर्डच्या घोळानंतर सरांनी मला विचारलं, तुम्ही यंत्र व्हाल का? लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. मी म्हटलं, सर, आयुष्यभर तेच केलंय. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग इथे निदान ते काम चांगलं समजलं जाईल."

माझ्यासमोर टेबलावर प्लास्टिकचे डबे असायचे. प्रत्येक डब्यावर नाव. एका डब्यात एकच चिठ्ठी मावते, दुसरी टाकली की पहिली कचऱ्यात, हा नियम. एकदा मुलांना दोन डब्यांतल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला सांगितली. मुलाने लिहिलं, पहिल्यातली दुसऱ्यात टाका, मग दुसऱ्यातली पहिल्यात टाका. मी तसंच केलं. दुसऱ्या डब्यातली मूळ चिठ्ठी कचऱ्यात गेली आणि दोन्ही डब्यांत एकच आकडा राहिला. मुलं बुचकळ्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, रिकामा डबा नको का? रवा आणि साखर कधी बदलली नाहीत वाटतं घरात." सरांनी खडू खाली ठेवला. त्या दिवसापासून लॅबमध्ये त्या तिसऱ्या डब्याचं नाव मावशीचा डबा पडलं. आता माझी मृणाल सॉफ्टवेअरचं काम करते. ती सांगते की अजून तिच्या ऑफिसात आपल्या कॉलेजची कोणी भेटली की मावशीचा डबा म्हटल्यावर लगेच ओळख पटते.

दिवाळी झाली. बैठक जवळ आली. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी एका मुलीने लिहून आणलं होतं, शून्यापासून दहापर्यंत एकेक आकडा घ्या आणि प्रत्येक आकड्याला एक खडू टेबलावर ठेवा. तिला दहा खडू हवे होते. मी शून्य म्हणून एक ठेवला, एक म्हणून एक ठेवला, असं करत गेले. अकरा खडू झाले.

मुलगी म्हणाली, मावशी चुकल्या. सरांनी तिलाच पुन्हा ठेवायला लावले. पुन्हा अकरा. मग सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. पहिलं टोक आणि शेवटचं टोक, दोन्ही धरली की एक जास्त येतो. यात भलेभले फसतात, सर म्हणाले, मीसुद्धा फसतो, म्हणून दरवेळी बोट ठेवून मोजतो.

मी टेबलावरचे खडू गोळा करत होते आणि माझे हात थांबले. वर्ग सुटला. मुलं गेली. मी म्हटलं, "सर, एक विचारू? दोन्ही टोकं धरली की एक जास्त येतो, असंच ना?"

"असंच."

"मग माझाही एक जास्त आलाय वाटतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. नव्वद, एक्याण्णव, उद्याची बैठक. सरांनी अर्ज दिल्याची तारीख विचारली. भिंतीवरच्या कॅलेंडरशी उभं राहून पानं उलटत बोटाने मोजलं. मग पुन्हा मोजलं. आणि मला काही न सांगता दाराबाहेर पडून जिना उतरू लागले. मी मागून निघाले आणि दाराशी थबकले. सरांच्या चपला तिथेच होत्या. घाईत तसेच अनवाणी गेले होते.

दाराबाहेर एकट्या चपला बघून मला काय झालं ते लिहिता येत नाही. मी त्या उचलल्या आणि हातात धरून सरांच्या मागे खाली गेले.

ऑफिसात पेडणेकर फायली बांधत होते. सरांनी मोजणीचं काढल्यावर ते म्हणाले, "सर, तुमचं ते कॉम्प्युटरचं गणित इकडे नको हां. साधा हिशोब आहे. दहावा, तेरावा आपण कसा धरतो? माणूस गेला तो दिवस पहिला. तसंच मोजलंय मी."

मला वाटलं संपलं. कारण ते खरंच होतं. यजमानांचे दिवस आम्ही तसेच धरले होते.

सर शांतपणे म्हणाले, "तेरावा म्हणतो तेव्हा आपण दिवसाला नंबर देतो, पेडणेकर. तिथे पहिल्यापासूनच द्यायचा. पण नियमात विचारलंय किती दिवस उलटले. नंबर देणं वेगळं आणि उलटलेले मोजणं वेगळं. तुम्ही इथे कामाला लागलात त्या दिवशी तुमची नोकरी किती झाली होती?"

"किती म्हणजे? त्याच दिवशी लागलो ना मी."

"म्हणजे शून्य."

पेडणेकरांनी हातातली फाईल बांधायची सोडून बाजूला ठेवली.

"परब गेले तो दिवस शून्य धरा," सर म्हणाले. "त्या दिवशी काहीच उलटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक झाला. मोजा."

पेडणेकरांनी खणातून कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवत पुटपुटत मोजलं. पुरं झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नव्वदच होतात की," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, हे मला तेव्हाच विचारायचं ना. मी काय तुम्हाला खाणार होतो?" शेरा लिहिलेला कागद त्यांनी माझ्यासमोर काढला आणि नवा लिहायला घेतला. पुढे बैठकीतल्या वकिलांनीही सांगितलं म्हणे, की कायद्यातही पहिला दिवस सोडूनच मोजतात. पण ते सरांना माहीत नव्हतं. त्यांनी ते खडूंवरून काढलं होतं.

मग पेडणेकरांचं लक्ष खाली गेलं. "सर, पायात काही नाही तुमच्या." सरांनी पायांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. मी चपला त्यांच्यासमोर ठेवल्या. आम्हा दोघांनाही त्याच वेळी तो वर्तमानपत्राचा पुडा आठवला असणार. सर हळूच म्हणाले, "उधारी फिटली म्हणायची." आणि चपला घालून वर गेले, कारण त्यांचा पुढचा तास होता.

दुसऱ्या दिवशी मी कायम झाले. मृणालची शाळा चालू राहिली. पण सरांच्या त्या एका वाक्याने नोकरीपेक्षाही जास्त काही दिलं. यजमान गेल्यापासून मी तो दिवस पहिला धरूनच जगत होते. सगळं काही त्याच दिवसापासून सुरू झालं आणि त्याच दिवशी भरून गेलं, असं. तो शून्य आहे, त्याच्यापुढे मोजायचं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुःख त्याने कमी झालं नाही, अजूनही नाही. पण त्याच्यापुढचे दिवस मला मोजता येऊ लागले.

सरांचे गुण सांगायचे तर दोष वगळून चालणार नाही, तेही त्यांनीच शिकवलं. त्यांचं फळ्यावरचं अक्षर कोणालाही लागत नसे. जेवणाचा डबा लॅबमध्ये विसरणं तर रोजचं. शेवटी सरांच्या घरून काकूंनी फोन करून मला सांगितलं, की डबा खाल्ला का ते तूच बघत जा, माझ्या हाताबाहेर गेलं हे. दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवून आणलेल्या मुलावर सर इतके चिडायचे की मलाच मध्ये पडावं लागे. पण चुकलेल्या मुलावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ आली की मुलं घाबरून ती पुसायची. सर म्हणायचे, पुसू नकोस, आधी पूर्ण वाच, ते तुला काहीतरी सांगतंय. मी इंग्रजी वाचायला शिकले ती अशीच, त्या चुकांच्या ओळी मोठ्याने वाचता वाचता. सर उच्चार सुधारायचे आणि अर्थ विचारायचे. सांगता आला नाही तर दुसऱ्या दिवशी शब्दकोश घेऊन यायचे. तो शब्दकोश त्यांनी परत नेला नाही. अजून माझ्याकडे आहे, आणि मी तो पहिल्या पानापासून वाचते आहे. सध्या एममध्ये आहे.

निवृत्तीनंतर सर घरी बसले नाहीत. मरोळच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी सातवी-आठवीच्या मुलांचा वर्ग घेतात. साकीनाक्याच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांची मुलं येतात, आरेच्या पाड्यांवरून बसने दोन मुली येतात. आता मुलांच्या हातात मोबाइल आहेत, प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी नवी यंत्रं आहेत. सरांना त्याचा राग नाही. ते म्हणतात, उत्तर घ्या, पण ते डब्यात घालून चालवून बघा. मग मला खुणावतात. मी निवृत्त झाले तरी यंत्राची नोकरी चालू आहे. गेल्या महिन्यात यंत्राने लिहून दिलेलं एक उत्तर मी चालवलं आणि एक खडू जास्त आला. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी वर्गाला चिक्की वाटली.

या सत्काराचं कळल्यावर सर समितीला म्हणाले, पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणजे शहात्तरावं लागलं, तुम्ही मोजणीत घोळ घातलाय. समितीतल्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सरांचं बरोबर आहे आणि समितीचंही बरोबर आहे. एकाने नंबर दिला आहे, दुसऱ्याने उलटलेली वर्षं मोजली आहेत. सर म्हणाले, "ही बाई आता माझाच प्रोग्राम माझ्यावर चालवायला लागली."

सर, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, ही प्रार्थना इथे सगळ्यांनीच केली असेल. माझी त्यात एवढीच भर आहे, की सत्काराचा दिवस शून्य धरावा. आजवरचं जे झालं ते झालं, ते आम्ही मोजून ठेवलं आहे. मोजणी उद्यापासून.

दर रविवारी मी वाचनालयात पोचते तेव्हा खोलीबाहेर लहान लहान चपलांचा ढीग असतो आणि त्यात एक मोठा जोड, नेहमी वेडावाकडा टाकलेला. मी तो सरळ करून ठेवते. दाराबाहेर चपला आहेत आणि माणूस आत आहे, फळ्यावर कोणालाही न लागणाऱ्या अक्षरात काहीतरी लिहितो आहे. तेवढं बघून मी आत जाते. असे पुष्कळ रविवार यावेत.